कुलूप घातलेलं वायफाय आन् भागीचा फोन

भुताखेतांवर माझा कदीच इस्वास न्हवता. धनी गेले तवा पोरगं कडंवर हुतं. अंधारात दुधाची किटली घेऊन डोंगर उतरायची, येताना लाकडाची मोळी... एक भूत कदी आडवं आलं न्हाई. आलं आसतं तर मोळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आसतं! पण ह्ये मातुर म्या माझ्या डोळ्यांनी पायलं. म्या सांगती, नात लिवती.

आमची वाडी वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या वर, डोंगराच्या खोबणीत. मोबाईलला रेंज न्हाई. संतोष, माझा ल्योक, पुण्याला कामाला आसतो. त्यानं घरात वायफाय बसवलं. म्या म्हणलं, कुलूपबिलूप लावू नगं. आमच्यात वाटसरूसाठी ओट्यावर माठ भरल्याला आसतो, इचारून कोण पाणी पितं? मंग ह्येच कशाला आडवायचं?

झालं, ओटा भरला! कुणी लेकीशी बोलतंय, कुणी पिच्चर बगतंय. सगळ्यात आदी यायची भागी, वरच्या धनगरवाड्यातली, शेरडं राखती ती. तिच्या फोनात सिमच न्हाई. भाच्यानं दिल्याला जुना फोन, निस्ता आमच्या वायफायवर चालायचा. लई वर्सांनी घर गजबजलं माझं.

मंग एक दिस पोलिस आले. आमच्या वायफायवरनं कुणीतरी एका बाईला घाण मेसेज धाडल्यालं. ओट्याखाली गाड्या लावून कोण कोण बसायचं, कसं कळणार? नाव निघालं संतोषचं. ठाण्यात चकरा मारून मारून बिचारा कसाबसा सुटला.

"आये, माठातलं पाणी कुणी प्यालं म्हणून आपल्याला जेलात टाकत न्हाईत. ह्यात टाकत्यात!" त्यानं पासवर्ड घातला आन् मलाबी सांगितला न्हाई. "तू आख्ख्या वाडीला सांगशील."

"सांगीनच की," म्या म्हणलं.

ओटा मोकळा पडला.

मंग एक दिस, भर दुपारी, भागी धापा टाकत आली. मागं शेरडं.

"आक्का, राणीला सकाळी भोरच्या दवाखान्यात नेलंय. टेम्पोवाला सांगून गेला. पुढं काय झालं, काय बी कळंना..."

राणी तिची लेक, दिस भरल्याली. राणीचं पयलं बाळ पोटातच गेल्यालं. माझा फोन नेमका पानशेतला दुरुस्तीला, आन् ST थेट सांजच्याला.

"भागे, कुलूप हाय गं. मला बी ठावं न्हाई."

"मंग उगडा की! घर तुमचंच न्हवं?"

म्या भिंतीवरल्या वायफायच्या डब्याकडं बगून म्हणलं, "आरं, लेकरासाठी तरी उगड की रं!"

आन् भागीच्या हातातला फोन वाजला.

व्हिडिओ कॉल! जावई रडतोय का हसतोय कळंना. मागं बाळ आसं किंचाळतंय... मंग राणी दिसली, केस इस्कटल्यालं.

"आये, रडती कशाला? पोरगी झाली. आन् भांडखोर हाय, थेट तुज्यावानी!"

भागी अंगणात नाचली हो! शेरडं माझ्या परसात घुसली, वालाचा येल सगळा फस्त केला... खाऊ दे म्हणलं. म्या गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला, ती माझ्या. दोघींचं बी तोंड भरल्यालं, आन् हसू आवरंना.

रईवारी संतोष आला. त्यानं भागीचा फोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"आये, ह्यो तर अजून पासवर्ड मागतोय."

"आन् कॉल?"

"कॉल दिसतोय की फोनात... कुणी पासवर्ड सांगितला तिला?"

"कोण सांगणार? तुज्याबिगर कुणाला ठावा हाय?"

त्यानं फोन परत उलटा करून बगितला. च्या गार झाला त्याचा.

आता माझं आयका. वायफायला कुलूप लावाच. आपल्या नावावर कोण काय करंल, सांगता येत न्हाई. संतोषनं पावण्यांसाठी येगळं वायफाय काडून दिलंय, त्याचा पासवर्ड माझ्या तोंडी. वळखीचं माणूस आलं की सांगती, बिनवळखीच्याला च्या पाजून वाटंला लावती. ओटा परत भरलाय.

पण त्या दुपारी कुणी उगडलं, ह्ये आजून कळालं न्हाई. संतोष म्हणतो, मशीन बिगडलं आसंल. आरं, बिगडल्यालं मशीन बंद पडतं... भागीला नात झाल्याची खबर देतं व्हय? राणीची पोरगी आता रांगती. काल ओट्यावर माझ्या चपला चावत बसल्याली.