बरक्याच्या मळ्यातला पंचनामा

पोलीस खात्यातल्या अठ्ठावीस वर्षांत मी खून, दरोडे, अपहार असे बरेच गुन्हे हाताळले. त्यातले बहुतेक आज कागद पाहिल्याशिवाय आठवत नाहीत. ज्या प्रकरणाने माझी अजून पाठ सोडलेली नाही, ते मात्र निवृत्तीनंतरचं आहे, परमुलखातलं आहे, आणि त्यात गुन्हाच घडला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मला घरी बसवेना. एका ओळखीच्या गृहस्थाने ओमानमधल्या एका आयात कंपनीत शब्द टाकला आणि मी मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक वसाहतीत दाखल झालो. हुद्दा प्रशासन अधिकारी. काम म्हणजे गेटपास, गोदामाच्या किल्ल्या आणि कामगारांच्या कॅम्पातली शिस्त. दोन वर्षांत माझ्यापुढे आलेला सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे मेसमधला प्रेशर कुकर पळवल्याचा. तोही पलंगाखाली सापडला. रुबाबात केबिनमध्ये बसायचं आणि आतून कुजायचं, अशी माझी अवस्था होती.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. कंपनीच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, चीनहून बॅटरीवर चालणाऱ्या सायकली मागवल्या. त्या मुलखात पेट्रोल पाण्याच्या भावाने. बॅटरीची सायकल कोण घेणार? गोदामात त्यांच्यावर धूळ साचली. आमच्या भारतीय मॅनेजरचे वडील फौजेत होते. या मॅनेजरनी डोकं लढवलं की कंपनीत जे माजी सैनिक आहेत, त्यांना सव्वीस जानेवारीला प्रत्येकी एक सायकल भेट द्यायची. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येकाचं डिस्चार्ज बुक मागवून तपासलं. सहा जण निघाले.

त्यातला एक स्टोअरकीपर सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडचा. फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला. नावं लिहायची नाहीत असं ठरवलंय, म्हणून त्याला हवालदारच म्हणतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो केबिनमध्ये आला.

"साहेब, कंपनीच्या भायेरचा एखादा जवान असला, तर बसंल का यादीत?"

"कागदपत्रं आहेत?"

"कागदाचीच तर अडचण हाय."

"मग नियमात बसत नाही," मी म्हणालो आणि पुढच्या कामाला लागलो.

कार्यक्रम मात्र देखणा झाला. एरवी ज्यांना 'ए स्टोअर', 'ए क्रेन' म्हणून हाका मारायचे, त्यांना त्या दिवशी पूर्ण हुद्द्यानिशी पुकारलं. नाव ऐकताच प्रत्येक जण ताठ चालत आला. एका क्रेन ऑपरेटरने तर डोळे पुसले. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

आठवड्याने कॅम्पाच्या फेरीत मला पाचच सायकली दिसल्या. हवालदाराची तांबडी सायकल नव्हती. विचारलं तर म्हणाला, "गेली, साहेब." कुठे गेली, कधी गेली, काही नाही. तक्रार द्या म्हटलं तर नको म्हणाला. वस्तू गेलेल्या माणसाला तक्रार नको असली की पोलिसाचे कान टवकारतात. आणि मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला, हे कबूल करतो. दोन वर्षांनी हाताला केस लागली होती.

खबर मिळाली ती मेसच्या मॅनेजरकडून. हा वसईचा ख्रिस्ती माणूस. दर दोन-तीन दिवसांनी पिकअप घेऊन बरका या समुद्रकाठच्या गावी मासळी आणायला जायचा.

"सर, तुमची ती चायनावाली बाइक मी बरक्याला बघितली. रेड कलर," तो म्हणाला. "मार्केटच्या मागे खजुरीचा मळा आहे ना, तिथे पंपाच्या बाजूला. पण सर, छोडो ना. कुणाचं काय नुकसान झालंय?"

मी सोडणाऱ्यातला नव्हतो. हवालदाराला सकाळी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली नाही. पाच-सात मिनिटं नुसते गेटपास चाळत बसलो. समोरच्याला शांततेत उभं ठेवलं की अर्धं काम आपोआप होतं, हा माझा अनुभव. हा पठ्ठ्या मात्र भिंतीसारखा उभा राहिला. तेव्हा त्याच्या खोलीवर गेलो. पलंगाखाली फौजींची असते तशी काळी लोखंडी पेटी, पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातलेली. पेटीला कुलूप होतं.

"उघडा."

त्याने उघडली. गणवेशाची घडी, औषधं, घरची पत्रं. सायकलबरोबर प्रत्येकाला चार्जर दिला होता आणि सगळे तो पेटीत ठेवत. इथे चार्जर नव्हता.

"चोराने सायकल नेली, मान्य. पण कुलूप न तोडता पेटीतला चार्जरही नेला? आणि जाताना पुन्हा कुलूप लावून गेला?" एवढं बोलून मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. "तू स्वतः दिलीस. कुणाला?"

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "साहेब, ती मला फौजी म्हणून भेटली ना? माझ्यापेक्षा ज्येचा हक मोठा, त्येच्याकडं गेली म्हणा. हितंच थांबा, साहेब. हात जोडतो."

आणि त्याने खरोखर हात जोडले. इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

शुक्रवारी सुट्टी. मेस मॅनेजरला बरोबर घेऊन मी बरका गाठलं. मळ्यात खजुरीच्या रांगांमधून लसूणघास लावलेला, विहिरीवर पंप, आणि पंपाच्या बोर्डाला चार्जर लावून तांबडी सायकल उभी. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून साठीचा एक माणूस लंगडत बाहेर आला. अंगात विटका बनियन, पण दाढी घोटून केलेली.

"कोण तुम्ही? फौजेत होता?" मी माझ्या जुन्या आवाजात विचारलं.

त्याने टाचा जुळवल्या. एका पायाची बोटं नव्हती, त्यामुळे तोल गेला. तरी सावरून तो ताठ उभा राहिला. नंबर सांगितला, नाईक हा हुद्दा सांगितला, पलटण, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. मी न विचारता सगळं.

पुढची हकिकत त्याने बिनदुधाचा सुलेमानी चहा करता करता सांगितली. हवालदार पोरगेला शिपाई असताना बर्फातल्या एका चौकीवर आजारी पडला. या नाईकाने त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. हवालदार वाचला, नाईकाची बोटं बर्फाने खाल्ली. पुढे एजंटाने त्याला वॉचमनच्या नोकरीचं सांगून ओमानला पाठवलं. ज्याच्या नावाचा व्हिसा, तो त्याचा अर्बाब कधी दिसलाच नाही. पासपोर्टही विमानतळावरच त्याच्या माणसाने काढून घेतला. व्हिसा संपला. चार वर्षं हा माणूस बरक्यात लपून मळा राखत होता. वाणसामानाला जायचं तर त्या पायाने तासभर चाल. हवालदाराने सायकल दिली ती यासाठी.

"घरी ठाऊक आहे?" मी विचारलं.

"न्हाई. सिकुरटीत हाय म्हनून सांगितलंय. बिनकागदी लोकांना आता माफी मिळनार म्हनत्यात. माफी झाली की सरळ तिकीट काडून जायाचं. पोरीचं लगीन ठरतंय, साहेब. फौजीचं घर म्हनून गावात मान हाय. बेडीतनं न्हाई जायाचं मला."

माझं मन हललं. सायकल इथेच राहू दे, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. हवालदारावर कसलाही ठपका ठेवायचा नाही, हेही ठरवलं. आणि त्याचबरोबर, ज्या सवयीने आयुष्यभर माझं पोट भरलं, त्या सवयीने मी बॅगेतून कोरे कागद काढले आणि पंचनामा लिहायला बसलो.

तिथे पंचनाम्याला कोण विचारतंय? पण तपास संपवायचा तर पंचनामा हवा, जबाब हवा, फाइल बंद व्हायला हवी. मेस मॅनेजर एक पंच, शेजारच्या मळ्यातला एक केरळी दुसरा. 'विहिरीपासून पूर्वेस बारा पावलांवर तांबड्या रंगाची बॅटरीची सायकल उभ्या स्थितीत मिळून आली.' मग नाईकाचा जबाब. पूर्ण नाव, राहण्याचं ठिकाण, इथे कधीपासून, कोणत्या कागदांवर. त्याला खोटं नाव सांगता आलं असतं. पण विचारणारा साहेब होता, म्हणून त्याने एकेक गोष्ट खरी सांगितली आणि खाली ठळक अक्षरात सही केली.

परतताना पिकअप मेस मॅनेजर चालवत होता. रुसैल आल्यावर म्हणाला, "सर, तो पेपर फाडून टाका." मी हसलो. तपासाचे कागद फाडणारा अधिकारी मी नव्हतो. 'चोरी झालेली नाही, सबब प्रकरण बंद' असा शेरा मारला, इंग्रजी नक्कल टाइप करवली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. हवालदाराला बोलावून मोठेपणाने म्हणालो, "काळजी करू नका. सायकल त्यांच्याकडेच राहील." त्याने सॅल्यूट ठोकला. त्या दिवशी मला झोप फार छान लागली.

मॅनेजरने फाइल रीतसर पुढे पाठवली. सरकारदरबारची कामं पाहणारा आमचा ओमानी मनदूब, त्याच्याकडे ती गेली. कंपनीचा माल बिनकागदी माणसाकडे सापडला, असं लेखी निघाल्यावर त्याला गप्प बसता येईना. उद्या कंपनीवरच आलं असतं. त्याने सरकारी कचेरीत कळवलं. आठ-दहा दिवसांत बरक्याच्या मळ्यावर सरकारी गाडी गेली. पत्ता शोधायला त्यांना काहीच त्रास पडला नसणार. बारा पावलंसुद्धा मीच मोजून दिली होती.

मी मनदूबकडे धावलो. तो भला माणूस. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम मुँह से बोलता, मैं नहीं सुनता. तुम कागज किया. कागज किया तो खलास, सर."

नाईकाला काही आठवडे कोठडीत ठेवून भारतात पाठवून दिलं. वाईट वागवलं नाही, कायद्याप्रमाणेच सगळं झालं. विमानात पोचवेपर्यंत हाताला बेडी होती, असं हवालदाराने चौकशी करून आणलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच माफी जाहीर झाली.

हवालदार माझ्या केबिनमध्ये एकदाच आला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, बर्फात त्यांनी मला उचाललं, तवा कुनी पंचनामा केला न्हवता." त्यानंतर मी तिथे असेपर्यंत तो रोज सकाळी मला बिनचूक सॅल्यूट करायचा. कामाशिवाय एक शब्द बोलला नाही. उरलेल्या पाच सायकली कॅम्पात फिरत, आणि त्या दिसल्या की मी दुसऱ्या वाटेने जात असे.

कायमचा परत आल्यावर मी नाईकाच्या गावी गेलो. पत्ता शोधावा लागला नाही, माझ्याच अक्षरात माझ्याकडे होता. माफी मागायची, दुसरं काही काम नव्हतं. म्हातारा ओट्यावर बसला होता. मला पाहताच धडपडत उठला. लेकीचं लग्न झाल्याचं त्याने सांगितलं, पण ठरलेल्या घरात नव्हे. पहिल्या सोयरिकीने बातमी कळल्यावर पाय मागे घेतला होता. कुणी खबर दिली, हे त्याला माहीत नव्हतं. हवालदाराने सांगितलं नव्हतं.

शेजारचे दोघेतिघे जमले. म्हाताऱ्याने माझी ओळख करून दिली, "ह्ये आमचं तिकडचं साहेब. लई मोठ्या मनाचं. चार वर्सांत मला माझा हुद्दा इचारला तो ह्या एकल्या मानसानं. मी फौजी हाय म्हनून कागदावर लिवून घेतलं."

आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून कबुली काढत आलो. खरं बोललास तर हलकं वाटेल, असं शेकडो जणांना सांगितलं. तपास कुणासाठी करायचा आणि कुठे थांबवायचा, हे कोणत्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. ते मी बरक्यात एका माणसाच्या जिवावर शिकलो. त्या ओट्यावर कबुली देण्याची पाळी माझी होती आणि माझी जीभ उचलली नाही. त्याने दिलेला चहा प्यायलो, लोकांचे नमस्कार घेतले आणि दुपारच्या एसटीने परत आलो.