सोड म्हटलं की सोडायचं

कालिंदीचा आवाज मूळचा मोठा नव्हता. शिवाजी पेठेतल्या गणिताच्या मास्तरांची ही मुलगी शाळेत प्रार्थनासुद्धा पुटपुटायची. प्रवासी विमानं चालवून झाली, वडील थकले, तशी ती कोल्हापुरात परतली आणि पोरांना विमान शिकवू लागली. आवाज पोरांनी चढवला.

त्यातही राजवीरनं. गगनबावड्याकडचा, तालमीत अंग कमावलेला. विमानाचा कंट्रोल असा आवळायचा की बोटं पांढरी पडायची.

"हलक्या हातानं धर रे! म्हैस आहे का ती, पळून जायला?"

"व्हय मॅडम," म्हणायचा आणि पुन्हा मूठ आवळायचा.

एप्रिलातली दुपार होती. वारा एका अंगानं, मध्येच झोत मारत येत होता. हा शेवटचा फेरा, म्हणून ती दोघं उतरत होती. कंट्रोल दोघांच्याही पुढं होता, पण विमान राजवीरच्या हातात होतं. चाकं टेकणार तेवढ्यात झोत आला, डावा पंख वर गेला आणि राजवीरनं घाबरून नाक खाली दाबलं.

"माझ्याकडं दे! सोड!"

सोड म्हटलं की हात काढायचे, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. ती आपल्या बाजूनं ओढत होती, तो दाबत होता. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा धावपट्टीवर घासला आणि ते बाजूच्या गवतात जाऊन थांबलं. कालिंदीनं इंधन आणि बटणं बंद केली आणि राजवीरला बाहेर ढकललं.

"लागलं का?"

"न्हाय. तुमच्या व्हटातनं रगत येतंय की."

मग मात्र तिचा तोल गेला. "सोड म्हटल्यावर सोडलं का नाहीस?"

"सोडलं असतं तर पडलो असतो की, मॅडम."

"आणि आत्ता काय उडतोयस?"

चौकशीत तिला विचारलं, वारा वाढलेला दिसत असताना इतक्या खालपर्यंत विमान पोराच्या हातात का ठेवलं? प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तिचा जास्त संताप झाला. माझा अंदाज चुकला, असं तिनं सांगून टाकलं.

घरी वडील म्हणाले, "वाऱ्यात कशाला गेलीस?"

"बाबा, विमान वाऱ्यातच असतं!"

शेजारच्या बायडाबाईंनी भर रस्त्यात हाक मारली, "कालिंदे, इमान पाडलंस म्हणं?"

राजवीर यायचा बंद झाला. तिनं फोन केला.

"गावात हाय मॅडम. माझ्याच्यानं हुईल असं वाटत न्हाय."

"ते मी ठरवीन. सोमवारी ये, नाहीतर मी तिकडं येते आणि तुझ्या आईसमोर बोलते."

तो आला. जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानात बसवून तिनं त्याच्याकडून नुसतं सोडण्याचा सराव करून घेतला. ती ओरडायची, तो हात वर करायचा. बाकीच्या विद्यार्थ्यांना हसू आवरेना. तिला मात्र हसू येत नव्हतं.

चौकशी संपून उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर दोघं वर गेली. उतरताना सगळं ठीक चाललं होतं. कालिंदी नुसती खाकरली, तर यानं दोन्ही हात वर केले.

"अरे धर! धर की गाढवा!"

त्यानं धरलं, हलक्या हातानं. चाकं टेकली, जरा वाकडी, पण टेकली.

"बरं झालं का मॅडम?"

"मधली रेघ कुठं आहे आणि तू कुठं आहेस? पुन्हा जायचं. चल."