खीर उतरली का?

पुंडलिकनगरच्या विहारात बुद्धपौर्णिमेची खीर गेली अठरा वर्षं मालनबाईंच्या हातची. त्याआधी त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. लेकरांच्या खिचडीनं एक नियम अंगात मुरला होता: चुलीवरून उतरलं की दोन तासांत खायचं. वैशाखात त्याहून आधी.

यंदा विहाराचा सचिव धम्मपाल म्हणाला, "मावशी, मिरवणूक नवाला परत येईल." म्हणून त्यांनी पावणेनऊलाच पातेलं खाली घेतलं. साडेनऊ झाले तरी कुणाचा पत्ता नाही. तेवढ्यात क्रांती चौकातून धम्मपालचा फोन आला, मागं बँडचा दणका.

"मावशी, खीर उतरली का?"

मालनबाईंचं डोकंच फिरलं. त्यांची खीर आणि नासेल? "नाय उतरली! माझ्या हातची अशी उतरत नसती!"

खीर अजून चुलीवरच आहे असं समजून धम्मपालनं मिरवणूक आणखी चार गल्ल्या फिरवली. इकडं मालनबाई आता येतील, मग येतील करत दारात उभ्या.

माणसं आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पांढऱ्या कपड्यांतली दीडशे माणसं, घामाघूम, भुकेली. सून करुणानं चमचाभर चाखली. "आत्याबाई, लई भारी झाली की!"

मालनबाईंनाही भारीच लागली. तेच तर दुखत होतं; दोन तास कधीच उलटले होते, आता ती वाढायची नाही.

"परत एक उकळी देऊ," धम्मपाल म्हणाला.

"तांदळाची हाये बाबा. त्यात एकदा विष झालं, तर उकळीनं जात नाय. अन् त्याला वास नसतो, चव नसती."

"मी विचारलं होतं ना, उतरली का? चुलीवरून!"

"चुलीवरून व्हय? मला वाटलं, नासली का म्हणतोस!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मालनबाईंनाही हसू आलं, पण मागच्या खड्ड्यात पातेलं ओतताना हात दोनदा थांबला. बिनखिरीची पौर्णिमा, तीही त्यांच्याच हातून! मग त्यांनी पदर खोचला आणि मोठ्या कढईत रवा टाकला.

"गरम हाये तवरच खायचा. डब्यात भरून कुणी नेणार नाय!"

वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या भामाबाईंनी ताटलीकडं नाक मुरडून पाहिलं. "का गं मालन, सुजातेनं बुद्धाला शिरा दिला होता व्हय?"

"खीरच दिली होती, भामाबाई. पण ताजी."

भामाबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताटली पुन्हा पुढं केली.