कांद्याच्या वाफ्यातली बंदूक

जुन्या वस्तूंच्या बाजारात आंतेल्म पेराशों दिसला की विकणारे माल झाकायला लागत. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यानं बंदुकांचे लाकडी दस्ते घडवले आणि निवृत्तीनंतर एकच नाद धरला, शाळेच्या बंदुकांचा. आजोबा-पणजोबांच्या काळी शाळेच्या अंगणात लष्करी कवायत असे, तेव्हा पोरांच्या खांद्याला बेतून केलेल्या या बुटक्या बंदुका. त्यांतून गोळी सुटत नाही, पण हौशी लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात आणि मग नकली करणाऱ्यांचं फावतं. कुणी मोठी बंदूक कापून ‘शाळेची’ म्हणून पुढे केली, की आंतेल्म हातही न लावता म्हणे, "खोटी आहे. चुलीत घाला." माणूस फटकळ, पण त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणूनच ऑनोरीन फावेर्जों त्याच्याकडे आली. वय बहात्तर, मागेपुढे कुणी नाही. वडिलांची बंदूक तिला गावच्या शाळेला द्यायची होती आणि शाळेला आंतेल्मच्या सहीची चिठ्ठी हवी होती. त्या बंदुकीची गोष्ट गावात लहानथोरांना पाठ होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले आणि हत्यारं जमा करा, नाहीतर गोळी घालू, असा हुकूम निघाला, तेव्हा तिच्या वडिलांनी आजोबांची ही शाळेतली बंदूक कांद्याच्या वाफ्यात पुरली आणि जर्मन गेल्यावर उकरून काढली.

ऑनोरीनला कॉफी देऊन आंतेल्मनं स्क्रू सोडवले. लोखंड जुनं होतं, अस्सल होतं. पण जवळजवळ दोन वर्षं ओल्या मातीत राहिलेल्या लोखंडाला गंज खातो आणि खालचं लाकूड काळं पडतं. इथं तसलं काहीच नव्हतं. त्यानं नळी उचलली. खालच्या खाचेत पेन्सिलीनं काढलेली एवढीशी गोगलगाय होती.

ती त्याचीच खूण. एकोणीसशे पंचावन्न साली, सतरा वर्षांचा उमेदवार असताना, उस्तादानं त्याच्याकडून असे सहा दस्ते करवून घेतले होते. जुन्या लोखंडाला नवं लाकूड, वर कॉफीचा चोथा चोळून आणलेला म्हातारपणाचा रंग. नाटकवाल्यांसाठी आहेत, असं उस्ताद म्हणाला होता. आंतेल्मला ते खरं वाटलं नव्हतं, पण त्यानं विचारलंही नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. चार स्क्रू पुन्हा पिळले असते तर कुणाला काय कळणार होतं? बाईचा बाप शूर राहिला असता आणि आंतेल्मची अब्रूही राहिली असती. त्यानं एक स्क्रू पिळलासुद्धा.

"माती निघाली का हो थोडी?" ऑनोरीननं विचारलं. "निघाली तर मला द्या, डबीत ठेवीन."

आंतेल्मच्यानं पुढे राहवेना.

"माती नाही, मादाम. हा दस्ता मी केलाय. युद्धाला दहा वर्षं होऊन गेल्यावर."

तिनं गोगलगाईवर बोट ठेवलं. "मग आजोबांची?"

"जमा केली असेल, आणि ही मागाहून कुणाकडून विकत घेतली असेल. सगळ्यांनीच जमा केली. माझ्या बापानंसुद्धा."

ती रडली नाही. कप बशीत नीट ठेवून तिनं धाकट्या भावाचं सांगितलं. रेजिस त्याचं नाव. अल्जीरियातल्या लढाईवरून रजेवर आला आणि परत जायचं नाही म्हणून माळ्यावर लपून बसला. तीन दिवस ती त्याला वर भाकर-सूप नेऊन देत होती. चौथ्या दिवशी वडिलांनी त्याला खाली बोलावलं, तोवर तिनंही कधी न पाहिलेली ही बंदूक टेबलावर ठेवली, कांद्याच्या वाफ्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तू माझाच ना? पोरानं मान खाली घातली आणि सकाळची बस धरली. वसंतात त्याची शवपेटी आली.

"‘मीपण घाबरलो होतो,’ एवढं म्हणाले असते बाबा," ती म्हणाली, "तर मी त्याला आणखी दिवस लपवून ठेवला असता."

आंतेल्मला क्षमा मागायची होती, पण नेमकी कशाची ते त्याला सुचेना. तो बंदूक पुन्हा जुळवू लागला, तिला न्यायला बरी पडावी म्हणून.

ऑनोरीननं कोटाची बटणं लावली. "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही केलीत ना? मग तुमच्याच घरात राहू द्या."