उपास आणि उपाशी

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा. पण देव माझ्या अंगात येतो, यावर मात्र माझा स्वतःचा विश्वास कधी नीट बसला नाही. गावाचा बसला होता. आणि गावाने एकदा ठरवलं की आपण कोण नाही म्हणणार? खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. जन्मभर शेरडांमागे हिंडलेल्या बाईच्या पाया कोणी पडू लागलं की तिला नाही म्हणणं जड जातं.

कळमनुरीच्या बाजूला आमचं लहान गाव. थोडी कोरडवाहू जमीन, पंधरा-सोळा शेरडं, घरात मी, आमचे हे, मुलगा आणि सून सविता. मला शुगर निघाली त्याला पाचेक वर्षं झाली. पायाला मुंग्या यायच्या, तहान भागायची नाही, म्हणून हिंगोलीच्या डॉक्टरांना दाखवलं तर हे निघालं. डॉक्टर भला माणूस, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक वही करायला सांगितली. म्हणाले, "मावशी, हा आजार बरा होऊन जाणारा नाही, सोबत राहणारा आहे. तो कुठवर आला आणि गोळीला किती ऐकतो, हे आपल्याला या वहीतूनच कळणार. दर महिन्याला उपाशीपोटी तपासायचं आणि आकडा लिहायचा."

मी मान हलवली. सातवी शिकलेली बाई मी, मला वाटलं सगळं कळलं. उपाशीपोटी तपासायचं म्हणजे उपासाच्या दिवशी तपासायचं, यात न कळण्यासारखं काय आहे! शुद्ध एकादशीला नरसीला, संताच्या जन्मगावी, जायचा नेम आमच्या घरात सासूबाईंपासूनचा. हिंगोली वाटेतच. तेव्हा ठरवून टाकलं, एका फेरीत डॉक्टरही आणि देवही. एकादशीला सकाळी सविता साबुदाण्याची खिचडी करायची, दाण्याचं कूट घालून, चांगली मोकळी. वर एक केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि गोड चहा. एरवी मी चहात साखर घेत नसे, पण उपासाला म्हटलं तेवढाच आधार. मग पहिली बस धरायची. दवाखान्यात रक्त घेणारा विचारायचा, "उपाशीपोटी आलात ना?" मी छाती पुढे काढून सांगायची, "व्हय तर. कडक उपास हाय."

आकडा काही केल्या उतरेना. दोनशे दहा, मग दोनशे पस्तीस, मग दोनशे साठ. सविता वहीत सुबक अक्षरात लिहायची आणि डॉक्टर ती पानं मागे-पुढे करून बघायचे. अर्ध्या गोळीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. एकदा ते म्हणाले, दंडातलं रक्त काढून तीन महिन्यांची सरासरी बघू. दंडात सुई म्हटल्यावर माझा जीव खाली-वर झाला. बस चुकेल म्हणून मी सटकले, आणि पुढच्या खेपेलाही तेच केलं. डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

दोन गोळ्या सुरू झाल्या आणि त्यानंतरच माझ्या अंगात यायला लागलं. आमच्या गल्लीत देवीचं ठाणं आहे, तिथे शुक्रवारी दिवेलागणीला आरती असते. नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही हा माझा शुक्रवारचा नेम. सकाळी अर्धी भाकर खाऊन शेरडांमागे जायचं ते थेट आरतीलाच यायचं. एका शुक्रवारी टाळ सुरू झाले आणि माझे हात थरथरायला लागले. घामाने लुगडं ओलं झालं, डोळ्यांपुढे दिवे नाचायला लागले, छाती धडधडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "आई आली, आई आली!" कपाळाला मळवट भरला गेला. मग प्रसादाचा शिरा तोंडात पडला की थोड्या वेळाने देवी शांत व्हायची. चार-पाच शुक्रवार असेच गेले. शिरा खाल्ल्यावरच देवी का जाते, हे विचारायची अक्कल ना मला आली, ना गावाला.

शेजारची कौसाबाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि ती तिला नकोशी झाली होती. एका शुक्रवारी तिने माझे पाय धरून विचारलं, "आई, ही गोळी खाऊ का सोडू?" मी काय बोलले ते मला आठवत नाही. सगळे म्हणतात, मी दोनदा "गोड, गोड" म्हणाले. कौसाबाईने त्याचा अर्थ लावला की सगळं गोड होणार आहे. तिने गोळी बंद केली. मला हे तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

पुढच्या खेपेला आकडा दोनशे ऐंशी झाला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात असंच दिसलं तर इन्सुलिनची सुई रोज टोचावी लागेल. मी घाबरले. आणि मनातून देवीचा रागही आला. दर शुक्रवारी अंगात येतेस, मग एवढा आकडा उतरवता येत नाही? मी ठरवलं, येती एकादशी निर्जळी करायची. ना फराळ, ना चहा, ना पाणी. बघू देव ऐकतो का. सविता म्हणाली, "आत्या, कशाला हट्ट?" मी तिला गप्प केलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत हे डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून दोन्ही गोळ्या तेवढ्या तीर्थाच्या घोटाबरोबर गिळल्या. औषधाला काही देव रागावत नाही, असं मीच मला सांगितलं.

त्या सकाळी शेरडं बांधताना एका बोकडाने मुसंडी मारली आणि माझ्या डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या पिचल्या. भुंड्या हाताने देवाला कसं जायचं? गावातला टेम्पो सरळ नरसीला निघाला होता, म्हणून त्या दिवशी आधी देव आणि येताना डॉक्टर असं ठरलं. पोचेपर्यंत उन्हं चढली होती. देवळाच्या रस्त्यावर एकादशीला दुकानं लागतात. त्यात एक म्हातारी मन्यारीन बसते, बांगड्या भरते. सगळे तिला चाची म्हणतात. दर्शनाआधी हात भरून घ्यावा म्हणून मी तिच्यापुढे बसले.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं, बाकी सोबत आलेल्या सविताने सांगितलेलं. चाचीने माझा हात हातात घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि थांबली. म्हणाली, "इतका गार काहून हाय गं माय? आन ओला?" मला उत्तर देता येईना. जीभ जड झाली होती. हात थरथरू लागले, बांगड्यांचा डबा कलंडला. देवळातून टाळांचा आवाज येत होता. आमच्या टेम्पोतल्या बाया धावत आल्या आणि ओळखीचा गलका झाला, "आई आली!" एकीने कुंकू काढलं, दुसरी लोटांगण घालायला वाकली. म्हणे मी तेव्हाही "गोड, गोड" पुटपुटत होते आणि बाया हात जोडून ऐकत होत्या.

चाची एकटीच खवळली. "सरका! आई-बिई कोनी आली न्हाई. साखर उतरली हिची. माझी सास अशीच गेली माझ्या डोळ्यांम्होरं, आमी बी दुवा मागत बसलो होतो. गोड म्हनून राहिली ती, गोड द्या की तिला!" शेजारच्या चहावाल्याकडून तिने गुळाचा खडा आणला, पाण्यात कालवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी दात आवळले. शुद्ध जात होती, पण हट्ट जात नव्हता. निर्जळी आहे, एवढंच मला कळत होतं. सविता रडायला लागली. तेव्हा चाची माझ्या कानाशी वाकून जे बोलली, ते मला स्पष्ट आठवतं. "बाई, ह्या गावच्या एका लेकराच्या हातानं देव जेवला, म्हनता ना तुमी? तीस वर्सं झाले ऐकून राहिली मी. देव न्हाई म्हनला न्हाई. आन तू काय देवाहून मोठी हाईस?"

माझे दात सुटले. गुळाचं पाणी घशाखाली उतरलं. पाव तासाने मला रस्ता दिसला, माणसं दिसली आणि चाचीचा सुरकुतलेला चेहरा दिसला. ओठाला गूळ चिकटला होता. मला हुंदका आला. भीतीचा होता की कशाचा, मला सांगता येणार नाही.

चाचीने केळी खायला लावली आणि मग उलटतपासणी सुरू केली. गोळी कवा घेतली? खाल्लं काय? तपासलं कवा? सविताने पिशवीतून वही काढली आणि तारखा वाचायला लागली. तीन-चार तारखा वाचून ती थबकली. खात्री करायला तिने टेम्पोवाल्याकडचं कॅलेंडर मागवलं आणि एकेक तारीख लावून बघितली. "आत्या," ती म्हणाली, "ह्या समद्या एकादश्याच हायेत. आपण दर टायमाला खिचडी खाऊनच तपासलं." चाचीने कपाळावर हात मारला. "एकादशी अन् दुप्पट खाशी! डाक्टरनं उपाशी सांगितलं, तुमी उपास धरला." मला त्या अवस्थेतही हसू फुटलं. दोन्ही शब्दांत एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षराने माझा जीव चालला होता. एवढ्या एकादश्यांत खरी उपाशी अशी मी त्या एकाच दिवशी होते.

चाचीने आम्हाला तिथे रेंगाळू दिलं नाही. गोळीचा जोर दिवसभर राहतो, पुन्हा उतरेल, आधी डॉक्टर गाठा, देव कुठं जात नाही, असं म्हणून तिने टेम्पोत बसवलं. दर्शन राहिलं. जाताना घाईघाईने डाव्या हातात दोन बांगड्या तेवढ्या चढवल्या. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, पुन्हा-पुन्हा बोट टोचून बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं. खिचडी, केळं, शुक्रवार, चुकवलेली सुई, काही मागे ठेवलं नाही. देवापुढेही मी इतकं खरं कधी बोलले नव्हते. त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, "मावशी, आकडा लिहिला, पण आकड्याच्या आधी काय झालं ते लिहिलंच नाही. मीही विचारायला हवं होतं." दंडातलं रक्त त्याच दिवशी दिलं. फार दुखलं नाही.

सविताने वहीत नवं पान आखलं. कधी तपासलं, आधी काय खाल्लं, गोळी कोणती, त्या वेळी कसं वाटत होतं. घरी तपासायचं यंत्र आणलं. पहाटे उठून चूळसुद्धा न भरता बोट टोचायचं, जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा. पंधरा दिवसांत त्या पानावर माझा आजार पहिल्यांदा खरा दिसला. होता, पण मी समजत होते तेवढा चढलेला नव्हता. दोन गोळ्यांवरून पुन्हा अर्ध्या गोळीवर आले, आणि शुक्रवारी वेळेवर जेवायला लागले. देवी अंगात यायची बंद झाली.

गावात कुजबुज झाली की मी एकादशी मोडली, म्हणून देवी रुसली. मी ते ऐकून सोडून देऊ शकले असते. पण कौसाबाईची गोळी बंद होती. तिचं डोकं दुखत होतं, पायांवर सूज होती, आणि ती निवांत होती, कारण देवीने गोड होईल म्हणून सांगितलं होतं. मी तीन दिवस तिच्या दारावरून गेले आणि आत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले. ती नेहमीसारखी पाया पडायला वाकली. मी तिचे खांदे धरले. म्हटलं, "कौसाबाई, ती देवी न्हवती. ती माझी भूक होती. गोड म्हणजे मला गूळ पाहिजे होता गं, दुसरं काही न्हाई."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मंग आता मी कोनाला इचारू?"

"डॉक्टरला. मी येते संगं."

आता सविताच्या वहीत मागच्या बाजूने कौसाबाईची पानं आहेत. तिची गोळी चालू आहे.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हट्टाने उपाशी बसणं, असं मी समजत होते. आता वाटतं, जे आहे ते आहे तसं समोर मांडायचं, लपवायचं नाही, आणि मग जो हात पुढे येईल त्याच्यातून घ्यायचं. बोकडाने बांगड्या फोडल्या नसत्या तर मी सरळ दर्शनाच्या रांगेत उभी राहिले असते आणि तिथेच माझा मळवट भरला गेला असता. हे कोणी केलं, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. एकादशीला अजून जाते. सकाळी नेमाने भाकर खाते. देवाला ठाऊक आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच एकादशीला चाचीपुढे बसले. उरलेला हात भरायचा होता. तिने बोटं दाबली, मनगटावर तळवा ठेवून क्षणभर थांबली. मी बसून राहिले, दवाखान्यात निकाल ऐकायला बसावं तशी.

"गरम हाय," ती म्हणाली आणि बांगडी चढवली. "जा आता. त्या दिवसाचं दर्शन ऱ्हायलं तुझं."