चार कोंबड्या आणि एक स्थळ

निवृत्त झाल्यावर मी कर्वेनगरच्या आमच्या घरामागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या. बायकोचं म्हणणं, बाकीची माणसं अशा वेळी हास्यक्लबात जातात. पण रोज अंडी मिळायला लागल्यावर तिने तो विषय सोडला. दीडेक वर्ष सुरळीत गेलं. मग एका उन्हाळ्यात अंडी कमी झाली, कोंबड्यांचे तुरे फिकट पडले, आणि मला खाज सुटली.

मनगटावर लाल ठिपके उठले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "हल्ली कसला ताण आहे का?"

"मुलीचं लग्न जमत नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी ताण कमी करायला सांगितलं आणि एक मलम दिलं. त्याने ठिपके चकचकीत झाले, इतकंच.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, तुम्हाला आणि कोंबड्यांना एकदमच ताण आलाय का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एक कोंबडी भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला. "पेटचं नाव?"

"नाव नाही ठेवलेलं."

"नाव कंपल्सरी आहे काका."

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'कोंबडी'. पुढच्या रकान्यात, प्रकार : कोंबडी. अर्ध्या तासाने लॅब्रेडॉर आणि पर्शियन मांजरांनी भरलेल्या त्या खोलीत तिने पुकारा केला, "कोंबडी कोण आहे?" मी उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "आपल्याला सांगून ठेवतो, कोंबडीशी माझा संबंध बहुतेक ताटातच येतो." पण माणूस हुशार होता. त्यांनी पिसं उलटी करून पाहिली आणि मला घरी पाठवलं. "खुराड्यातल्या दांडीच्या फटीतून सुरी फिरवा. सुरी लाल झाली तर पिसवा. दिवसा लाकडात लपतात, अंधार पडला की येऊन रक्त पितात."

सुरी लाल झाली. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, रक्त पिऊन टम्म झालेले किडे फटीफटीत होते. हे खुराडं मी घरातल्या जुन्या लाकडी शोकेसमधून बनवलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सगळं सुटं करा, उकळत्या पाण्याने धुवा, औषध फवारा, कडक उन्हात टाका. कोंबड्यांना तोवर दुसरीकडे ठेवा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आमच्या घरात एकच रिकामी होण्यासारखी जागा होती. पिसांत औषधाची पावडर चोळून मी चौघींना बाथरूममध्ये सोडलं. आम्ही अंघोळी मोरीत उरकायला लागलो.

तिसऱ्या दिवशी मुलीला बघायला मंडळी येणार होती. हे मी विसरलो होतो. बायको विसरली नव्हती, पण तिला वाटलं होतं की मी कोंबड्या हलवल्या असतील.

मुलगा खराडीला नोकरीला, वडील मितभाषी, आई रेशमी साडीत. गप्पा बऱ्या चालल्या होत्या. मग मुलाच्या आईने विचारलं, "बाथरूम कुठे आहे हो?" आणि मी काही बोलायच्या आत माझ्या मुलीने सवयीने बोट दाखवलं.

दार लागलं. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत बसलो. आतून आधी फडफड ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. मुलाचे वडील प्रथमच आपणहून बोलले, "पाण्याचा प्रॉब्लेम आहे का इकडे?"

दार उघडलं. बाईंच्या एका हातात अंडं होतं, दुसऱ्या बगलेत कोंबडी.

"अंडं बादलीत होतं," त्या म्हणाल्या. मग कोंबडीची शेपटी वर करून त्यांनी पिसांत फुंकर मारली आणि त्यांचा शुद्ध पुणेरी आवाज एकदम बदलला. "पिसवांनी खाल्लंय हिला! राखेत लोळवलं न्हाई का कधी?"

त्यांचं माहेर हडपसरच्या पलीकडचं. लहानपणी घरी वीस कोंबड्या होत्या, हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि आम्हाला अंगणात नेलं. उन्हात पडलेल्या फळ्या उलट्यापालट्या करून मला झापलं. "खिळ्यांच्या भोकात फवारलंत का? मग काय धुतलंत?" माझी बायको हे ऐकून इतकी खूश झाली की तिने आतून पाट आणून दिला.

पुढचा प्रश्न राखेचा. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या या शहरात चार कोंबड्यांना पुरेल एवढी राख कुठून आणायची? मी चुलीवरच्या मिसळीची पाटी लावलेल्या एका हॉटेलात गेलो. मालकाने कारण विचारलं.

"कोंबड्यांच्या अंघोळीला."

"आमची मिसळ व्हेज आहे," तो म्हणाला, पण घमेलंभर राख दिली.

मी परतलो तेव्हा दोन्ही आया अंगणात बसून कोंबड्यांची पिसं चाळत होत्या. मुलाचे वडील फळी धरून उभे होते. मी राख ओतली आणि मुलाच्या आईने एका कोंबडीला तिच्यात लोळवायला घेतलं. मुलगा आणि माझी मुलगी दारात आले. दोघांचेही चेहरे गंभीर होते.

"आम्हाला काही सांगायचंय," मुलगा म्हणाला. "आम्ही मागच्या आठवड्यात कॉफीला भेटलो होतो. आमचं नाही जमणार. तुम्ही हिरमुसाल म्हणून तेव्हा बोललो नाही."

मला खरंच वाईट वाटलं. बायकोनेही मान खाली घातली.

मुलाच्या आईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, त्यामुळे तिथे राखेचा पट्टा उठला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता आलाच आहेस तर हिचे पाय धर. ही चोच मारते."