केतकीचा ब्रश

अमेरिकेत शॉमबर्गला मी माझ्या मुलाकडे, निखिलकडे आलो होतो. तिथून निघताना त्याला बजावलं होतं: मी फक्त केतकीचा सामना बघायला येतोय, तिच्या बापाची विचारपूस करायला नाही. केतकी माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची मुलगी, तीही इथेच नोकरीला. सुधाकरशी मी नऊ वर्षं बोललेलो नाही. सांगलीत आमचं फरशीचं दुकान होतं. एका बिल्डरशी तीन दिवस घासाघीस करून मी सौदा पक्का केला, आणि ऐन वेळी सुधाकर त्याला म्हणाला, "साहेब, या मालात रंगाच्या दोन शेड आहेत." सौदा मोडला. न सांगता ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

उत्तरेकडे सहा तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना गोठलेली तळी, त्यांवर मासे धरणाऱ्यांच्या खोपटी. एका पेट्रोल पंपावर ताज्या चीजचे तुकडे मिळाले. ते दाताखाली करकरतात. निखिल म्हणाला, "पप्पा, इथली स्पेशालिटी आहे." मी दोनच खाल्ले.

स्पर्धा कर्लिंगची, राष्ट्रीय. बर्फाच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी. एकीवर पुरुषांचा सामना, दुसरीवर बायकांचा. मूठ लावलेला ग्रॅनाइटचा जड दगड सरकवायचा, संघातल्या दोघींनी पुढे ब्रशने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची, आणि तो हाऊसच्या (रंगवलेल्या वर्तुळांच्या) मध्याशी थांबवायचा. शेजारच्या म्हाताऱ्याची टोपी बिल्ल्यांनी भरली होती. इथे लोक बिल्ल्यांची अदलाबदल करतात. मी आमच्या दुकानाच्या एका कीचेनच्या बदल्यात दोन बिल्ले मागितले. त्याने तीन दिले. भावच न करणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं, ते मला सुचेना.

केतकीचा संघ जिंकला तर उपांत्य फेरीत, हरला तर घरी. नोकरी सांभाळून सहा वर्षं ती याच दिवसासाठी पहाटे उठत होती. गुण बरोबरीत. मध्याजवळ समोरच्यांचा दगड, आणि सामन्यातला शेवटचा दगड केतकीच्या संघाचा. तो सुटला, सरळ निघाला. मी उभा राहिलो. अर्ध्या वाटेवर केतकीने हात वर केला आणि पाय लावून दगड थांबवला. तिचा ब्रश दगडाला लागला होता. असा दगड बाद, म्हणजे सामना गेला.

मी तरातरा खाली गेलो आणि पंचाला विचारलं, तुम्ही पाहिलं का? तो म्हणाला, नाही, तिने सांगितलं. मग निदान दगड पुन्हा टाकू द्या, म्हटलं. तो शांतपणे नाही म्हणाला. माझा आवाज चढला, त्याचा चढला नाही. तोवर केतकीने जिंकलेल्या मुलींपुढे हात केला होता. हरलेल्याने हात आधी पुढे करायचा, ही इथली रीत. मग जिंकलेल्यांनी हरलेल्यांना टेबलावर नेऊन खाऊपिऊ घालायचं.

त्या टेबलावर मलाही बसवलं. केतकीचे डोळे लाल होते.

"काका, चिडलात ना?"

"कुणी बघितलं नव्हतं, केतकी."

"बाबांनाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मी समोरचा कॉफीचा कप फिरवत राहिलो.

मायदेशी परतताना विमानात तो बिल्डर आठवला. त्याच्या इमारतीत आमची फरशी नाही. पण दोन रंगांची फरशीही नाही. नऊ वर्षांत ही दुसरी गोष्ट माझ्या मनात आली नव्हती.

सांगलीत पोचल्यावर मी रिक्षा आधी सुधाकरच्या दारात थांबवली. दार त्यानेच उघडलं. केस पार पिकलेत त्याचे. तो काही बोलायच्या आत मी हात पुढे केला.